विमानतळापर्यंतची पाठराखीण

त्या सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून गाडी धुतली. भाड्याला निघायच्या आधी हे आमचं ठरलेलं काम. ती हापशावरून बादल्या आणायची, मी फडकं मारायचो, आणि मी फडकं मारलेल्या जागी ती बोट फिरवून धूळ दाखवायची.

"अवो, मागची काच तशीच राह्यली."

"मागच्या काचंतून कोण बघतंय? पाव्हणे पुढं बघतेत."

"आज मी बघणार हाय. मी मागंच बसणार."

माझ्या हातातलं फडकं ओढून तिनं काच स्वतः पुसली. मी विडी पेटवली आणि तिच्याकडं बघत उभा राहिलो. रोजच्यासारखं असं मिळून केलेलं काम ते शेवटचं. तवा ते ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. आधी शहागडला ट्रकावर क्लीनर होतो, मग डायवर झालो, मग एक जुनी अँबेसिडर घेतली. जालन्यात बियाण्याचा धंदा वाढला तशी विमानानं येणारी-जाणारी माणसं वाढली. विमानतळ औरंगाबादच्या अलीकडं, जालन्याच्या सडकेवरच, चिकलठाण्याला. मुंबईचं विमान सांजचं. मंग पाव्हणा म्हणायचा, दिवस कशाला वाया घालवायचा? सकाळीच निघू, वेरूळ बघू, दौलताबाद बघू, मकबरा बघू आणि सांजच्याला विमानात बसू. अशी भाडी मी लई केली. गोऱ्या लोकांना फिरवलं, शेठ लोकांना फिरवलं, नव्या जोडप्यांना फिरवलं. बायकोनं ते शहर माझ्या तोंडूनच ऐकलेलं. मी जेवताना सांगायचो, ती भाकर थापत ऐकायची.

त्या दिवशीचं भाडं आमच्या केदारखेड्यातलंच होतं. आमच्या गल्लीतली पोर. तिचा बाप लवकर गेला होता, आई लोकाच्या रानात निंदायला जायची. पोरीचं लग्न आखातात पायपा जोडायचं काम करणाऱ्या एका पोराशी लागलं. लग्न झालं आणि महिन्याच्या आत तो निघून गेला. पोरीचे कागद झाले नव्हते, म्हणून ती आईकडंच राहिली. वर्ष गेलं, दुसरं लागलं. गावाला तेवढं पुरतं. नवऱ्यानं टाकली, तिकडं दुसरी केली, असं हापशावर उघड बोलायला लागले. आता तो सुट्टीवर आला होता आणि मुंबईत भावाकडं राहून कागदाच्या मागं लागला होता. कागद हातात पडले ते अगदी शेवटाला. सोमवारी रातीच्या विमानानं त्या दोघांना आखातात जायचं होतं. रेल्वेनं पोर वक्तावर पोचली नसती, म्हणून त्यानं औरंगाबादचं विमानाचं तिकीट पाठवलं. नाहीतर आमच्याकडून पोरीला विमानात कोण बसवतं? हे विमान चुकलं तर तो एकटाच जाणार होता, त्याची सुट्टी संपली होती. पुन्हा दोन वर्षं पोर आईच्या दारात. गावानं तिला जगू दिलं नसतं.

आमच्याकडं पोर पहिल्यांदा नांदायला निघाली की तिच्यासंगं एक बाई जाती. तिला पाठराखीण म्हणतात. ती चार दिवस पोरीच्या सासरी राहती, पोर रुळली का बघती, आणि मागं येऊन आईला सांगती. पोरीच्या चुलतीनं जायला पाहिजे होतं, पण चुलती लग्नातल्या लुगड्यावरून रुसलेली. आई आमच्या दारात येऊन बसली. आखातात कुणीच जाऊ शकत नव्हतं, ते तिलाही कळत होतं. पण पोर घरातून बाईमाणसाच्या सोबतीबिगर निघू नये, एवढंच तिचं म्हणणं.

माझी बायको उठून म्हणाली, "मी जाते. विमानापर्यंत तर विमानापर्यंत."

आईनं अजून एक मागणं घातलं. पोर देश सोडून चालली, तिला घृष्णेश्वराच्या पाया पडू द्या. म्हणजे विमानतळ ओलांडून पार वेरूळला जायचं आणि मागं यायचं. मी म्हणालो, होईल. दर भाड्याला होतच होतं.

पोरीसंगं तिचा मामा होता, टेंभुर्णीचा. मोठ्या मिशीचा, त्याहून मोठ्या तोंडाचा. गाडी राजूरच्या पुढं गेली नाही तवाच त्यानं सुरू केलं.

"भाऊ, गाडी दिवसभराची हाय ना? मंग सगळं दाखवा. किल्ला, मकबरा, पाणचक्की. काई सोडायचं न्हाई."

मागून बायको म्हणाली, "मामा, पोर चालली का तुम्ही चालले?"

"वहिनी, ती विमानानं जग बघंल. मला टेंभुर्णीतच मरायचंय. औरंगाबाद तरी बघू द्या की!"

पोर हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. तिनं माझ्या बायकोचा हात धरला होता तो सोडला नव्हता. वाटेत विमानतळ लागलं तसं मी बोटानं दाखवलं. पोरीनं दुसरीकडं तोंड फिरवलं.

वेरूळला सोमवारची रांग देवळाच्या बाहेरपर्यंत आलेली. मी मनातल्या मनात वक्त मोजत गाडीपाशी थांबलो. मामा दोनदा येऊन चहा पिऊन गेला. बायको पोरीसंगं रांगेत उन्हात उभी. दर्शन करून आल्या तवा बायकोच्या कपाळावर घामाची धार होती. मी म्हणालो, ऊन लई हाय. ती म्हणाली, गर्दीचा घाम हाय.

पोरीनं आणि मामानं भाकरी खाल्ल्या. बायकोनं नुसता चहा घेतला.

"वहिनी, भगर तरी खा. उपासाला चालती."

"सोमवार मी सांजच्यालाच सोडते. आज पोर उडाली की सोडीन."

दौलताबादला मी गाडी थांबवणारच नव्हतो. मामानं तोफ बघायचा हट्ट धरला. मी म्हणालो, खालची तोफ बघा आणि जल्दी या, वरी चढायचं बिलकुल नाही. तो गेला तो गेलाच. मी दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यात त्याची मिशी हुडकत होतो. शेवटी तो घामाघूम होऊन आला, शर्टाला वटवाघळांचा वास मारत होता. माणूस किल्ल्याच्या अंधारीपर्यंत, त्या काळोख्या भुयारापर्यंत चढून आल्ता.

"मामा, तुम्हाला खाली थांबायला सांगितलं व्हतं."

"अहो, आत एवढा अंधार, वाटलं आपल्याच डोळ्यानं बघावं."

"अंधार डोळ्यानं बघायला गेल्ते?" बायको म्हणाली. हसतच म्हणाली, पण वाक्य पुरं करताना मध्येच थांबून तिनं दम घेतला. ते मला आवडलं नाही. गाडी सडकेला लागल्यावर मी आरशातून मागं बघितलं. बाई मूळची सावळी, पण तोंड राखुंडीसारखं झालेलं. एक हात छातीपाशी.

"काय होतंय?"

"काय न्हाई. तुम्ही सडक बघा."

पुढं औरंगाबादेत शिरलो. मामा मकबरा-मकबरा करत होता, मी तिकडं गाडी वळवलीच नाही. तवाच बायको म्हणाली, "ती पाणचक्की इथंच हाय ना? जरा सावलीत बसू."

एवढ्या वर्षांत तिनं माझ्या गाडीत कुठं थांबा म्हटलं ते हेच. मामाला वाटलं त्याच्यासाठीच. तो पाणी कुठून पडतंय ते बघायला पळाला. मी गाडी लावून आत येतोय तर पोर अनवाणी पळत समोर आली.

"काका, काकूचा हात गार पडलाय. बोलत न्हाई."

वडाखाली ती बसली होती, पाठ खोडाला लावून. मला बघून म्हणाली, "गरगरायलंय थोडं." डावा हात तिला उचलता येत नव्हता. मी तिला उचललं. मोठी बाई होती, मला एरवी उचलली नसती.

सरकारी दवाखाना तिथून जवळच. तिला ढकलगाडीवर घेतलं, तारा लावल्या, कागदावर रेघा निघाल्या. डॉक्टर तरणा होता, चांगला होता. त्यानं रेघा बघून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "यांना बीपीची गोळी चालू आहे का?"

"चालू हाय की. लई वर्षं झाली. रोज घेती."

"आज घेतली?"

मी बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली. "आज सोमवार हाय."

"सोमवारचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाला.

"गोळी जेवल्यावर घ्यायची सांगितलीय. सोमवारी मी जेवत न्हाई."

"दर सोमवारी घेत नाही?"

"दर सोमवारी. एकादशीला बी." हे ती शहाण्या माणसानं सांगावं तसं सांगत होती. औषधाची गोळी उपाशीपोटी घेऊन बिघडवायची नाही, असं तिचं चोख गणित. मला ठाऊक नव्हतं. तिनं लपवलंही नव्हतं. मी कधी विचारलं नाही, ती कधी बोलली नाही.

डॉक्टरनं कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला की हृदयाला धक्का बसलाय, आजची रात जड आहे, इथं कुणीतरी थांबा.

तवा मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पोरीनंही बघितलं. ती खाटेच्या दांडीला धरून उभी होती.

"मी न्हाई जात," ती म्हणाली. "जाऊ दे विमान."

मामा माझ्याकडं बघू लागला, मी बायकोकडं. बायकोनं डोळे उघडले आणि पोरीला म्हणाली, "तू कोण ठरवणारी? मी तुझ्या आईला शब्द दिलाय. चल निघ."

"काकू, तुला अशी टाकून..."

"मला कशाची टाकती? मी खाटंवर हाय, पंख्याखाली हाय. तू रस्त्यावर हाईस." मग मला म्हणाली, "अवो, उभे काय राह्यले? न्या तिला. आणि विमान उडाल्याबिगर मागं येऊ नका. नुसतं दारात सोडून याल, मला म्हाईत हाय तुम्ही."

मी म्हणालो, "मामा नेईल तिला रिक्षानं."

"मामा?" तिला हसू आलं, मग दुखलं. "मामा विमान बघत बसतील अन् पोर राहील बाहेर. तुम्हाला तिथलं ठाऊक हाय. मामा थांबतील माझ्यापाशी."

मामा लगेच स्टूल ओढून बसला. वर्तमानपत्राची घडी करून वारा घालायला लागला, पंखा फिरत होता तरी. "जा भाऊ," म्हणाला. "मी हलत न्हाई हितून."

मी गेलो. कुणी म्हणेल कसा गेलास, तर असा गेलो. तिनं जा म्हटलं म्हणून गेलो. थांबलो असतो तर ती त्या खाटेवरून उठली असती, ही बाई तसलीच होती.

जालन्याच्या सडकेवर मी गाडी कशी हाकली ते सांगण्यासारखं नाही. पोर मागं बसून आवाज न करता रडत होती. विमानतळाच्या दारात बंदूकवाला उभा, तिकीट बघून माणूस आत सोडायचा. मला तो तोंडानं ओळखत होता, पण मला आत जायची परवानगी नव्हती. पोर उंबऱ्यापाशी येऊन थिजली. हातातली पेटी तिनं खाली ठेवली.

"काका, आत कुठं जायचं?"

"सरळ. तिकीट दाखवायचं."

"मंग?"

मंगचं मलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं माणसं आणून सोडली, पण त्या दारापलीकडं काय असतं ते मी बघितलेलं नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं. एक म्हातारी मारवाडी बाई, डोक्यावर पदर, हमालाशी सामानावरून भांडत होती. मी सरळ तिच्यापुढं जाऊन हात जोडले.

"बाई, तुम्ही मुंबईला का?"

"हो. का?"

"ही आमची पोर. नवऱ्याकडं चाललीय, पहिल्यांदा. तिची पाठराखीण दवाखान्यात पडलीय. मुंबईपर्यंत तुम्ही हिची पाठराखीण व्हा."

बाईनं पोरीकडं वरून खाली बघितलं. पोरीचं तोंड सुजलेलं. "पाठराखीण होईन," ती म्हणाली, "पण रडणारी नको मला. विमानात बाजूला बसून रडेल तर मी जागा बदलीन. चल बेटी, पेटी उचल." आणि तिनं पोरीचं मनगट असं धरलं की बंदूकवाला बाजूला सरला. पोरीनं मागं वळून एकदाच म्हटलं, "काका, काकूला सांगा..." काय सांगा ते दारानं ऐकू दिलं नाही.

आता मी निघू शकत होतो. पण ती म्हणाली होती, उडाल्याबिगर येऊ नका. आणि खरंच होतं, त्या दिवसांत विमान आलंच नाही, उडालंच नाही, असं कितीदा व्हायचं. तसं झालं असतं तर पोर शहरात एकटी, रात पडलेली, मी दवाखान्यात. मी गाडी सडकेच्या कडंला, कुंपणापाशी लावली आणि उभा राहिलो.

विमान यायचा वक्त झाला. विमान आलं नाही. मी बंदूकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लेट आहे. किती लेट? ते त्याला सांगितलेलं नाही. मी गाडीत बसलो, उतरलो, पुन्हा बसलो. एकदा चावी फिरवून इंजिन चालू केलं आणि बंद केलं. दवाखान्यात फोन लावावा तर फोन कुणाला बोलावून देणार होते? आभाळाकडं बघून बघून मान दुखायला लागली. जालन्याकडून येणारे ट्रक हॉर्न मारत जायचे आणि दरवेळी मला विमानाचा आवाज वाटायचा. मी देवाला काही मागितलं नाही. मी त्या विमानाला शिव्या दिल्या. जेवढ्या ट्रकावर शिकलो होतो तेवढ्या सगळ्या दिल्या.

मंग ते आलं. खाली उतरलं, आणि पुन्हा उडायला त्याला काय घाई नव्हती. माणसं उतरली, टॅक्सीवाले ओरडले, सगळं रोजचंच. कुंपणाच्या जाळीतून मला माणसं शिडी चढताना दिसली, लांबून, बोटाएवढी. त्यात डोक्यावर पदर घेतलेली एक आणि तिच्या अगदी मागं एक हिरव्या लुगड्यातली. पोर हिरव्या लुगड्यात होती. विमान पळत पळत गेलं आणि उचललं. मी त्याच्याकडं बघत थांबलो नाही. चाकं जमिनीवरून सुटलेली बघितली आणि गाडी घेतली.

दवाखान्यात मामा तसाच स्टुलावर, तसाच वारा घालत. मला बघून उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बायकोच्या तोंडावर नळी लावलेली. तिनं ती बाजूला सारली.

"बसली?"

"बसली. उडालं. मी डोळ्यानं बघितलं."

"एकटी?"

"न्हाई. एक बाई गाठ पडली, तिच्या हातात दिली. मुंबईपर्यंत संगं."

"कोण बाई?"

"मारवाडी होती. म्हातारी."

"सवाष्ण व्हती का?"

"मला काय ठाऊक!"

"कुंकू बघितलं न्हाई? काय माणूस हाय बाई." ती मामाकडं वळली. "बघितलं का मामा, पोर दिली अन् कपाळ बघितलं न्हाई."

"बांगड्या होत्या," मी म्हणालो. "हातभर. मनगट धरून नेली तवा वाजत व्हत्या."

"मंग असंल सवाष्ण." तिनं डोळे मिटले. "रडली का?"

"त्या बाईनं रडू दिलं न्हाई."

"बरं केलं." थोड्या वेळानं म्हणाली, "च्या मिळंल का हो? सोमवार सोडायचाय."

मी डॉक्टरकडं बघितलं. त्यानं चमचाभर म्हणून खूण केली. मी बाहेरून चहा आणला, बशीत गार केला, चमच्यानं तिच्या तोंडात घातला. एक चमचा गेला. दुसऱ्याला तिनं तोंड उघडलं नाही. मी म्हणालो, अगं, घे की. मंग नर्स आली आणि तिनं मला मागं सारलं. ते लोक पळाले, छाती दाबली, सुया दिल्या, जे करायचं ते सगळं केलं. मी हातात बशी धरून उभा होतो. मामानं माझ्या हातातून ती काढून घेतली तवा मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा समोरच्या फोनच्या दुकानात गेला आणि मुंबईचा नंबर लावून आला. पोरीचा दीर बोलला होता. जावई विमानतळावर घ्यायला गेल्ता, रातीच्या विमानानं दोघं गेले. मामानं इकडचं काही सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, बरं केलं.

बायकोला मागच्या सीटवर निजवली. मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. जालना, राजूर, सगळी वाट त्यानं ते हलू दिलं नाही. मी गाडी हळू चालवली, खड्डे चुकवत.

केदारखेड्याच्या फाट्यावर पोरीची आई उभी होती. पहिल्या एसटीपासून उभी असणार, पायाशी विळा आणि भाकरीचं फडकं. कामावर जायचं सोडून आली होती. गाडी ओळखून ती सडकेच्या मधोमध आली. मला थांबावंच लागलं.

मी उतरलो. बायको असती तर आधी काय बोलली असती ते मला ठाऊक होतं. म्हणून मी तेच आधी बोललो.

"पोर पोचली. जावई घ्यायला आल्ता. रातीच दोघं गेले. वाटंत एक चांगली बाई संगं व्हती."

तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. डोळे मिटून तशीच उभी राहिली. मंग म्हणाली, "अन् आमच्या बाई? झोपल्या का मागं?"

मामानं आतून दार उघडलं. तो बाहेर आला आणि बाजूला झाला. तिनं आत वाकून बघितलं. विळा आणि भाकरी तिथंच सडकेवर टाकून ती आत शिरली, मामाच्या जागी बसली, आणि माझ्या बायकोचं डोकं तिनं उचलून मांडीवर घेतलं. कपाळावरून सरकलेला पदर नीट केला.

मी दार लावलं. मामा म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी चालत येतो. मी पहिला गियर टाकला आणि गाडी घराकडं घेतली.